साल ठरवताना

आबा,

आज पाडवा. गावी, धावड्याला आलेय. ओसरीवर दादा नव्या सालगड्याचं साल ठरवतोय आणि मी आत चहा गाळून, हा कागद पुढ्यात घेऊन कान देऊन ऐकतेय. वर्षाचे पैसे, ज्वारी, चपला, पोळ्याची सुट्टी, सगळं चार माणसांसमोर मोठ्यानं बोललं जातंय. यंदा त्यात मोबाइलचा रिचार्जही आलाय. तुम्ही असता तर म्हणाला असता, "दे की, बराबर हाय त्याचं."

एमडीला लागले त्या वर्षी तुम्ही भाकरी-ठेचा बांधून मला भेटायला हॉस्पिटलात आला होतात. मी आदल्या दिवसापासून ड्यूटीवर. वॉर्डाबाहेरच्या बाकावर तुमच्या शेजारी बसते, घास तोंडात घालते आणि तशीच झोपी जाते. तुम्ही उठवलं नाहीत. जाग आली तेव्हा विचारलंत, "पगार तरी येळेवर देतेत का?"

"पगार न्हाई आबा, विद्यावेतन म्हंतेत. येतं मागंपुढं."

"अन् सुट्टी?"

"सुट्टी मागायची नसती. आमी शिकून राह्यलो ना."

झालं, तुमचा पारा चढला! "आपला गडी साल ठरल्याबिगर कामाला हात लावत न्हाई. अन् तू डॉक्टर होऊन काहीच ठरवलं न्हाई? तुहं काय ठरलं ते इचार आधी जाऊन!"

"आबा, हळू बोला. सर ऐकतील."

"ऐकू दे!"

मी काही विचारलं नाही. माझा प्रबंध, माझी परीक्षा सगळं सरांच्या हातात होतं. पण तुमचं ते ओरडणं डोक्यातून गेलं नाही ते नाहीच. आज माझ्या हाताखाली युनिट आहे. नवे निवासी डॉक्टर आले की पहिल्याच दिवशी त्यांना चहा पाजते आणि सगळ्यांसमोर बोलून टाकते: विद्यावेतन कधी येणार, रात्रपाळ्या कशा लागणार, आठवड्याची सुट्टी कुणाची कधी. ठरलेलं मोडलं तर सरळ माझ्याकडे या, असं बजावते. पोरं आधी दचकतात, मग हसतात. यंदा त्यांचं विद्यावेतन महिनोन्‌महिने तटलं. एका मुलीनं मेसमध्ये जाणं बंद केलं, तेव्हा माझं टाळकंच सरकलं. अर्ज लिहिला आणि रोज ओपीडी आटोपली की हिशेबाच्या ऑफिसबाहेर खुर्ची टाकून बसले. "मॅडम, तुमच्या बढतीची फाइल वर गेलीय, कशाला नसतं लचांड मागे लावून घेता?" असं शेजारच्या विभागातले डॉक्टर म्हणालेही. पोरांचे पैसे आले. बढती मात्र माझ्यापेक्षा ज्युनिअर असलेल्याला मिळाली. उद्या पुन्हा वेळ आली तर पुन्हा बसेन, त्यात काय!

आता बाहेर साल ठरलंय. गडी पान खाऊन, समाधानानं घरी निघालाय. हा कागद मी घडी घालून पर्समध्ये ठेवणार, दुसरं काय करणार. पण आबा, एक सांगते. प्राध्यापकपद मला कुठं हवंय, असं मी सगळ्यांना हसून सांगत फिरते. साफ खोटं आहे ते. हवंय मला. ती खुर्ची हवीय, तो पगारही हवाय, आणि मी त्या लायकीची आहे. सगळ्यांचं ठरवत बसले, माझं काय ठरलं ते कुणालाच विचारलं नाही.

परत गेले की डीनच्या केबिनमध्ये जाऊन विचारते. हळू बोलणार नाही.