अंजनाबाईच्या मागाचं खुंटाळं

तांडापेठ, नागपूर
मंगळवार, ४ फेब्रुवारी २०२५

ती. अंजनाबाईस,

धाकट्या रोशनचा वाकून नमस्कार. इकडे आम्ही ठीक. हर्षाचा गुडघा थंडीत फार छळत होता, आता दुपारचं ऊन तापायला लागलं तशी ती एकटी जिना उतरते आणि चढताना मला शिव्या घालते, म्हणजे बरी आहे. तू रविवारी आणलेली जवसाची चटणी आज सकाळी संपली. भाऊजींचा खोकला कमी झाला असेल असं धरून चालतो.

पाकीट पाहून भाऊजींना वाटेल, खाणीच्या ऑफिसातून पेन्शनचं काही आलं. त्यांना सांग, पेन्शनचं नाही. तू म्हणशील, फोन का नाही केला. केला ना. कालपासून तीनदा केला. तिन्ही वेळा तू हॅलो म्हणालीस आणि मी विचारलं, जेवलीस का. तिसऱ्या वेळी तू म्हणालीस, "सकाळी दहा वाजता कोन जेवते गा?" मी रेंज नसल्याचं सोंग करून फोन ठेवला. म्हणून हे पत्र. कागदावर तू मध्येच बोलत नाहीस, आणि तुझा आवाज ऐकून मला पळता येत नाही.

रविवारी तू पायलबरोबर धरमपेठेतल्या त्या कॉफीच्या दुकानात गेली होतीस. मला सोमवारी सकाळी कळलं. तुझ्या पोरीला मामाचं भारी कौतुक, तिने हौसेने फोन केला. "मामा, आईले तुमचं कोट रॅक दाखवलं. आई त्याच्यासमोर नुसती उभीच राहून राहिली. मी म्हटलं, आई, हे आपल्या हातमागाच्या लाकडासारखं दिसून राहिलं. तर म्हणे, नाही वं, आपला माग तर उधईनं पोखरून खाल्ला. जुनं लाकूड सारं सारखंच दिसते. मंग दोन चहा पेली अन् चाल म्हणे."

रविवारीच संध्याकाळी तू आमच्याकडे आलीस. भाकरी खाल्लीस, हर्षाच्या गुडघ्याला तेल चोळून दिलंस, भाऊजींच्या नकला केल्यास. मला एका शब्दाने काही म्हणाली नाहीस. चपला घालताना फक्त एवढंच बोललीस, "तिथली तिसरी खुंटी हालून राहिली. कसून घे." हर्षाला वाटलं, आमच्या दाराजवळच्या खुंटीबद्दल बोलतेस. ती दुसऱ्या दिवशी पेचकस घेऊन मागे लागली. मला पायलचा फोन येईपर्यंत कळलं नव्हतं. कळलं तेव्हा मी माझ्या जुन्या लाकडाच्या दुकानात होतो, समोरच्या गिऱ्हाइकाला उद्या या म्हणालो.

आता ते कोट रॅक. नागपुरात कोट घालतं कोण, असं तू विचारलं असतंस. कोणी घालत नाही. लोक त्याला हेल्मेट अडकवतात आणि उन्हाळ्यात पोरी तोंडाला बांधायचे दुपट्टे. आपल्या भाषेत खुंटाळंच ते. पण खुंटाळं म्हटलं तर कोणी विकत घेत नाही.

तीन वर्षांपूर्वी त्या दुकानाचा मालक, अनिश, माझ्याकडे आला. चांगला मुलगा आहे, त्याचा यात काही दोष नाही. त्याला भिंतीवर काहीतरी जुनं हवं होतं. नवीन लाकूड जुनं केलेलं नको, खरंच जुनं. माझ्याकडे मोडक्या दारांच्या चौकटी होत्या, पलंगाचे पाय होते, सगळं दाखवलं. तो मागच्या खोलीत गेला आणि पोत्याखालून बाहेर आलेल्या दांड्यावर हात ठेवून म्हणाला, "हे काय आहे?"

विणलेलं कापड गुंडाळायचा दांडा. तुझ्या मागाचा, तुझ्या पोटाशी असायचा तो.

त्या वेळी मी "हे माझं नाही" एवढं म्हणायला हवं होतं. तीन शब्द होते. बाबांच्या तेराव्याला तू सगळ्यांसमोर सांगितलं होतंस की माग माझा आहे, क्वार्टरमध्ये जागा नाही, घर झालं की नेईन, तोवर रोशनने सांभाळावा. मी मान हलवली होती. अनिशसमोर मी म्हणालो, "आमच्या घरचा माग आहे."

पुढचं लिहितो, कारण तू लाकडाशी काय केलं हे आधी विचारशील. दांडा आरा मशीनवर नेला आणि उभा चिरला. आत लाकूड मधासारखं पिवळं होतं. एका फळीला सहा भोकं पाडली. खुंट्यांसाठी इतवारीतल्या भंगारवाल्याकडून जाड लोखंडी खिळे आणले, भट्टीत लाल करून वाकवले, तारेच्या ब्रशने घासले. गंज पूर्ण काढायचा नाही, असं अनिशचं म्हणणं. मागाचं ते दात्यांचं चाक, कापड उलटं फिरू नये म्हणून असायचं ते, मधोमध शोभेला ठोकलं. वरून जवसाचं तेल. काम चांगलं झालं होतं, बाई. हे लिहायलाही लाज वाटते, पण खरं आहे. इतकं चांगलं काम माझ्या हातून आधी झालं नव्हतं.

तुझ्या टिकल्यांचे डाग गेले नाहीत. विणताना घाम आला की तू कपाळावरची टिकली काढून दांड्याला चिकटवायचीस आणि तिथेच विसरायचीस, त्या. मी पॉलिश पेपर घासून घासून पाहिला. अनिशने विचारलं, हे लाल गोल कसले. मी म्हणालो, रंगाचे डाग. त्याला ते फार आवडले. लोक त्याचे फोटो काढतात. तू त्यांच्यावरूनच ओळखलं असशील.

त्याच्या शेजारी एक कार्ड लावलं होतं, तेही तू वाचलं असणारच. विणकरांच्या तिसऱ्या पिढीच्या हातून, आणि खाली माझा फोटो, हात छातीवर बांधलेला. मी आयुष्यात वीतभर कापड विणलेलं नाही. माझ्या हातात आडवं सूत टाकायचा धोटा दिला की तो जमिनीवर पडायचा आणि तू फणी उगारून धावायचीस. अनिशने विचारलं होतं, या मागावर कोण बसायचं. मी म्हणालो, वडील. बाबांचा माग वेगळा होता, तो केव्हाच मोडला. या मागावर लग्न होईपर्यंत दहा वर्षं तू बसलीस. तुझं नाव माझ्या तोंडातून निघालं नाही. का निघालं नाही याचा मी कालपासून विचार करतो आहे. बहिणीचा माग म्हटलं असतं तर पुढचा प्रश्न आला असता, मग बहिणीला विचारलंत का?

आणि मग तुझं घर झालं. मागच्या खोलीत तू फरशी बसवू दिली नाहीस. गवंडी हसला, भाऊजी चिडले, पण तू मागावर बसून पाय सोडायचा खड्डा खणून घेतलास आणि मला फोन केलास. "खड्डा तयार आहे. माग घेऊन ये. आता मले कोनाची चूल पाहाची नाही, बसून विणीन." तुझा इतका मोकळा आवाज मी लग्नाच्या आधीसुद्धा ऐकला नव्हता. आणि मी म्हणालो, "बाई, त्याले उधई लागली. सारा पोखरला. जाळून टाकला."

 तू विचारलंस, "सारा?"

"सारा."

"जाऊ दे मंग. तू नको मनाले लावून घेऊ."

वर माझीच समजूत काढलीस. वास्तूला आलो तेव्हा त्या खड्ड्यावर फळ्या टाकल्या होत्या. तू पानं तिथेच मांडलीस आणि मी त्या फळ्यांवर बसून दोनदा श्रीखंड मागून घेतलं. पायल सांगते, अजून फरशी बसवलेली नाही.

एक जुनी गोष्ट आहे, ती आपण दोघं कधी बोललो नाही. मी नववीत होतो. शाळेत मी सांगून ठेवलं होतं की माझ्या वडिलांचा इतवारीत कापडाचा धंदा आहे. एक मित्र वही न्यायला घरी आला. मी पळत जाऊन मागाच्या खोलीचं दार ओढून घेतलं. त्याने विचारलं, हा खटखट आवाज कसला. मी म्हणालो, शेजारच्यांचा. तू दाराच्या पलीकडे होतीस, आणि आवाज थांबला. तो तासभर बसला, चहा पिऊन गेला, तेवढा वेळ तू हात आवरून आत बसून होतीस. तो गेल्यावर माग पुन्हा सुरू झाला. तू मला मारलं नाहीस. त्या वेळी मला वाटलं, वाचलो. आधी ज्या मागाची मला लाज वाटत होती, त्याचाच पुढे मोठेपणा मिरवून मी तो विकला. दोन्ही वेळा तुला आत बसवून.

काल सकाळी पायलचा फोन झाल्यावर मी भैय्याजी निनाव्यांकडे गेलो. आपल्या गल्लीच्या टोकाचे, बाबांचे जोडीदार. डोळ्यांनी दिसत नाही म्हणून विणणं सुटलं, पण माग अजून उभा आहे. मी मनात सगळं जुळवून ठेवलं होतं. त्यांचा माग घ्यायचा, झाडूनपुसून उमरेडला पोचवायचा, म्हणायचं भैय्याजींनी दिला. बाकी काही बोलायचं नाही. तू खूश, मी सुटलो.

भैय्याजींनी विचारलं, "कोनासाठी?"

"अंजनाबाईसाठी."

"तिचा माग कुठी गेला? तुह्या बापानं, वामनरावानं, स्वतः उभं राहून करवून घेतला होता."

आणि बाई, पायलचा फोन कानात ताजा असताना मी पुन्हा म्हणालो, "उधई लागली त्याले."

म्हातारा हसला. खोकला येईपर्यंत हसला. "जुन्या सागवानाले उधई? अन् तू लाकडाचं दुकान चालवतं?" मग हसणं थांबवून म्हणाले, "तिलेही हेच सांगितलं काय गा?"

मी हो म्हणालो.

"मंग तिले पयल्या दिवशीच समजलं असन."

मी रोज गिऱ्हाइकांना सांगतो, जुनं सागवान आहे, उधईची काळजी सोडा. अनिशलाही तसंच सांगितलं होतं. तुझा तो "सारा?" मला काल पहिल्यांदा ऐकू आला. तू मला वाट ठेवली होतीस, की अजून सांग, अर्धा आहे, थोडा आहे, काहीतरी वाचलं आहे. दोन वर्षं तू हे जाणून आहेस आणि माझी लाज राखते आहेस. भाऊजींपासून, हर्षापासून, रविवारी तुझ्या स्वतःच्या पोरीपासूनसुद्धा. कोणी शिव्या घातल्या असत्या तर मी उलट चार दिल्या असत्या. याच्यापुढे मला तोंड वर करता येत नाही.

काल हर्षाला सांगितलं. तिने ताट वाढलं आणि आत निघून गेली. अनिशलाही भेटलो. तो बिचारा पांढरा पडला, कार्ड लगेच काढलं. खुंटाळं परत घ्या म्हणतो. ते तुझं आहे, काय करायचं ते तू सांग. पण खोटी आशा दाखवत नाही. चिरलेला दांडा पुन्हा जोडला तरी सरळ फिरणार नाही. खांबांची मी कोणाला पुस्तकांची मांडणी करून दिली. फणी, पायाखालच्या पावड्या आणि दोन धोटे तेवढे शिल्लक आहेत, ते कापडात बांधून ठेवले आहेत.

भैय्याजी माग द्यायला तयार आहेत. पैशाचं नाव काढलं तर काठी उगारतात. पण मला देणार नाहीत. म्हणाले, "तिले घेऊन ये. तिले बसू दे, पावडीवर पाय ठेवू दे, पटलं तं तिनंच न्यावा. अन् पहिला कुठी गेला ते मी तिलेच विचारीन. गल्लीसमोर विचारीन."

म्हणून तू ये. रविवारी पायलला गाडी घेऊन पाठवतो, तुला माझ्याबरोबर बसवणार नाही म्हणून मी न्यायला येत नाही. मी माफी मागत नाही, कारण मागितली की तू लगेच जाऊ दे म्हणशील. या वेळी जाऊ देऊ नकोस. तिथे आपल्या गल्लीतल्या सगळ्या बाया जमतील, हर्षा असेल, पायल असेल, भाऊजींनाही आण. मी समोर उभा असेन. भैय्याजी विचारतील, अंजना, तुझा माग कुठी गेला. तेव्हा, बाई, उधईचं नाव घेऊ नकोस. माझं घे.

तुझा
रोशन