मयत फंडातली आगाऊ उचल

भोईवाडा, परळ
नारळी पौर्णिमेनंतरचा शुक्रवार, १९८३

तीर्थस्वरूप तात्यामामांच्या चरणी भाचा दत्ताराम याचा साष्टांग नमस्कार. अक्षर ओळखून घाबरू नये, मी हयात आहे. पत्र बसून वाचावं, मामींनाही बसवावं आणि पाण्याचा तांब्या जवळ ठेवावा. तुमचा गुडघा कसा आहे? गाय व्याली का? मी गेल्याचं कळल्यावर तुम्ही शेवंतीला धाडलेलं सांत्वनाचं पत्र पोचलं. ती गॅलरीत कपडे वाळत घालत होती म्हणून मीच फोडलं. (बायकोच्या नावचं पत्र फोडू नये हे मला कळतं, पण मेलेल्या माणसाला कोण बोलणार?) त्यात तुम्ही मला लाखातला पोर म्हटलं आहे. गेल्या शिमग्याला चार माणसांत तुम्ही मला काय म्हणाला होतात ते आपल्या दोघांनाही आठवतंय, तेव्हा त्याबद्दल अधिक लिहीत नाही. पण मामा, खरं सांगतो, वाचून मला रडू आलं.

आता मी मेलो कसा ते सविस्तर लिहितो. संपाला दीड वर्ष होऊन गेलं. तो मिटला की चालू आहे हे आम्हाला अजून कुणी सांगितलेलं नाही. गिरणी सुरू झाली आहे, फक्त आम्हाला आत घेत नाहीत. आमचं घर चालत होतं ते शेवंतीच्या शिवणयंत्रावर. दादरच्या एका दुकानदाराचे ब्लाउज आणि परकर ती शिवायची आणि मी काजबटणं करायचो. (माझी काजं तिच्यापेक्षा सरळ येतात, हे ती कबूल करणार नाही.) अशात आषाढात एका दुपारी माझ्या पोटात अशी कळ उठली की मी चटईवरच आडवा झालो. शेजारच्या चंदूने मला टॅक्सीत घातलं आणि ड्रायव्हरला जवळात जवळ न्यायला सांगितलं. जवळात जवळ निघालं एक खाजगी नर्सिंग होम, ज्याच्या दारात कुंड्या होत्या. कुंड्या दिसल्या तेव्हाच मी परत फिरायला हवं होतं, पण मी शुद्धीत नव्हतो. पोटातला अल्सर फुटला होता. डॉक्टर म्हणाले, अर्धा तास उशीर झाला असता तर गेला असता.

शुद्धीवर आलो तर हातात बिल. साडेतीन हजार. सलाइनचे वेगळे, खाटेचे वेगळे, भूल देणाऱ्याचे वेगळे. (झोपवायचे एवढे पैसे असतात हे माहीत असतं तर मी जागाच राहिलो असतो.) कामगार विम्याचं कार्ड चंदूने नेऊन दाखवलं, पण पगार थांबला तेव्हाच तेही थांबलं होतं. पैसे भरल्याशिवाय सुट्टी नाही आणि सुट्टी होईपर्यंत रोज खाटेचं भाडं चढतंय. शेवंतीच्या कुड्या गेल्या, पितळेचा हंडा गेला आणि तिसऱ्या दिवशी ती शिवणयंत्र हातगाडीवर घालून सावकाराकडे गहाण टाकून आली. मी ओरडलो. ती म्हणाली, "मशीन गेली तर जावंदेत, माणूस घराक होयो." मी तोंड भिंतीकडे केलं.

तरी दीड हजार कमी पडत होते. तेव्हा चंदूला आपल्या गावकरी मंडळाचा मयत फंड आठवला. लालबागच्या खोलीत तातडीची सभा बसली. अध्यक्ष कुशाबा म्हणाले, पैसे द्यायला हरकत नाही, पण नियमात फक्त मरण आहे, आजारपण नाही. चिटणीस चिंतामणीला तुम्ही ओळखता. तो नियमाबाहेर शिंकतसुद्धा नाही. तासभर खल झाला. कुणी विचारलं, दत्ताराम मरणाच्या किती जवळ होता? नर्सिंग होममध्ये माझ्या उशाशी बसलेल्या रघूने साक्ष दिली की मी तीन तास बेशुद्ध होतो, म्हणजे निदान तेवढ्यापुरता तरी धरायला हरकत नाही. शेवटी ठराव झाला : दत्ताराम यांस मयत धरून रक्कम आगाऊ द्यावी, पुढे प्रत्यक्ष मयत झाल्यास पुन्हा मागू नये. मग रिवाजाप्रमाणे सर्वांनी दोन मिनिटं उभं राहून मला श्रद्धांजली वाहिली, चंदूनेही, आणि चहा घेतला. दुसऱ्या दिवशी चिंतामणी पावती घेऊन नर्सिंग होममध्ये आला. 'मयताची सही' असं छापलं होतं तिथे मी सही केली.

पुढचा घोळ तुम्हाला ठाऊकच आहे. पैसे दिले की गावी कार्ड धाडायचं, हाही नियम. चिंतामणीने ते धाडलं. पण माणूस मनाचा वाईट नाही. खाली कोपऱ्यात बारीक अक्षरात त्याने लिहिलं होतं की हे मयत केवळ फंडापुरतं आहे, दत्ताराम पेज घेतो. मग मयताचं कार्ड म्हणून त्याने रिवाजाप्रमाणे कोपरा फाडला, आणि नेमका तोच.

आता माझी प्रकृती उत्तम आहे. तिखट बंद, विडी बंद. पैशासाठी हे पत्र लिहिलेलं नाही, कसली चिंता करू नये. मामींना नमस्कार.

आपला भाचा,
दत्ताराम (हयात)

ता. क. शिवणयंत्र अजून सावकाराकडेच आहे. गणपतीच्या तोंडावर दादरहून पन्नास ब्लाउजांचं काम आलं आहे. ते वेळेत दिलं नाही तर दुकानदार दुसरीकडे जाईल, आणि मग आमच्याकडे काहीच उरणार नाही. माझं मरण तर वापरून झालं. पण मामा, तुम्ही गावी गेलात तरी वर्गणी चुकवली नाहीत, म्हणजे तुमचं मरण अजून फंडात शिल्लक आहे. चिंतामणी म्हणतो, सभासदाची लेखी संमती असेल तर ठराव होऊ शकेल. तेवढं मरण उसनं द्याल का? काम मिळालं की पै न् पै फंडात परत भरीन.

ता. क. २ : शेवंतीने वरचं वाचलं. म्हणाली, "मामांका असा विचारूक लाज नाय वाटली?" आणि परत हातशिलाईला बसली. पन्नासातले चार झाले आहेत. तिच्या बोटांना चिंध्या बांधल्या आहेत, त्या आज सकाळी मीच बांधल्या. मामा, संमती धाडा. फक्त मामींना आत्ताच सांगून ठेवा की कार्ड आलं तर आधी तुमच्याकडे बघावं, बांगड्यांना मागाहून हात लावावा.