तीस तारखेला या

१४ जून २००४, सोमवार.
शाळा सुरू. पट सव्वीस. यंदा पस्तीस करायचाच. वस्तीवरच्या लोकांना कारेगावच्या शाळेचं खूळ लागलंय. तीही जिल्हा परिषदेचीच, आमचीही. तिथं कॉम्प्युटर आहे, इथं मुख्याध्यापक म्हणून मी आहे. हे घरोघर जाऊन नीट समजावलं की झालं. आज टपाल घेऊन शिरूरला जावं लागलं, म्हणून घरोघर आमच्या दुसऱ्या शिक्षिका राजश्रीबाईंना पाठवलं.

२१ जून.
वस्तीवरचा संपत कंपनीत लागलाय. पोराला कारेगावला घालतो म्हणाला, दाखला मागितला. दाखल्यांचं पुस्तक संपलंय म्हणून सांगितलं. पुस्तक कपाटात आहे, निम्मं कोरं. पण पट वीसच्या खाली गेला की दुसऱ्या शिक्षकाची जागा जाते. बाई ज्युनिअर, त्याच जातील. मग चार वर्ग मी एकट्यानं हाकायचे? मीटिंगा कोण करणार?

८ जुलै.
आणखी चौघं दाखल्याला. शिक्का शिरूरला राहिला म्हणालो. संपत पुन्हा आलेला. म्हणाला, शिक्का ऱ्हाऊ द्या गुरुजी, नुसती सही तरी करा. लोकांना पेशन्स नाही. थकलो.

३ ऑगस्ट.
तोड सापडली. तीस सप्टेंबरला केंद्रप्रमुख साहेब पट मोजतात. वर्षाची जागा त्यावर ठरते. दाखला मागणारे आता दहा झालेत. सगळ्यांना सांगितलं, तीस तारखेला या, दाखला हातात देतो. बाई म्हणाल्या, सर, एक ऑक्टोबर सांगा की. बाईंना अनुभव कमी. साहेब दरवर्षी सकाळी दहाला येतात, अकराला जातात. लोकांना बारानंतर बोलावलंय.

१६ सप्टेंबर.
चौथीला रोज स्वतः इंग्रजी शिकवायचा संकल्प. आज मीटिंग होती. काल रिपोर्ट होता. बाईंनी घेतलं. पोरं दिवसभर बाईंच्या मागं मागं. शिस्त लागली की अशी लागते.

३० सप्टेंबर, संध्याकाळ.
साहेबांची गाडी रांजणगावजवळ पंक्चर झाली. साडेबाराला आले. दारात दहाजणांचे आई-बाप उभे. पालकसभा आहे का, साहेबांनी विचारलं. मी हो म्हणालो. संपत म्हणाला, न्हाई साहेब, दाखल्याला आलोय, गुरुजींनीच तारीख दिलीय. साहेबांनी स्वतः कपाट उघडलं, पुस्तक माझ्यापुढं ठेवलं. दहा दाखले लिहिले. पट सोळा. ते बाईंनीच एकेकाच्या हातात दिले. त्याचंच जास्त वाईट वाटतंय.

७ ऑक्टोबर.
बाईंची ऑर्डर आली. कारेगाव. पोरं रडली, बाईही रडल्या. मी निरोपाचं भाषण मनात जुळवलं होतं, पण ऐन वेळी शिरूरहून फोन आला.
सोळा पोरं म्हणजे उलट बरंच. प्रत्येकाकडं नीट लक्ष देता येईल. सोमवारपासून.

११ ऑक्टोबर, सोमवार.
शेतावरच्या मोटरचं स्टार्टर बिघडल्यानं पोचायला अकरा वाजले. दारात पंधराजणांचे आई-बाप. रंभाबाई सगळ्यांच्या वतीनं बोलली. बाई व्हत्या म्हणून पोरं हितं ठेवली व्हती, म्हणाली. तुमचं काय गुरुजी, तुम्ही शाळंत असता कवा? लई लागलं मनाला. सोळा वर्षं या शाळेत काढली. दाखले लिहायला बसलो. शाळा सोडण्याचं कारण, या रकान्यात पंधरा वेळा 'स्थलांतर' लिहिलं. लोकं वस्तीवरच आहेत.

१२ ऑक्टोबर.
पट एक. गौतमी, तिसरीतली. वेळेवर आली. मीही आलो. म्हटलं, विश्वास ठेवणारं एक तरी घर आहे, इथूनच शाळा पुन्हा उभी करू. सकाळभर गणित घेतलं. बऱ्याच दिवसांनी खडू हातात घेतला, बरं वाटलं.
दुपारी विचारलं, तू का नाही गेलीस? म्हणाली, कारेगावच्या जीपमधी उलटी व्हती गुरुजी. आईनं लिमलेटच्या गोळ्या आणल्यात, उद्या बघणार हाय.
मी फळा पुसायला लागलो, तशी म्हणाली, तुम्हीबी चला की. म्होरं डायवरशेजारी जागा असती.
बघू म्हणालो.