उशीच्या खोळीचा निळा धागा

ती. वन्संना धाकट्या भावजयीचा वाकून नमस्कार. तुमचा गुडघा आता जिना चढू देतो ना? देवाच्या दयेने इकडे आम्ही दोघंही धडधाकट आहोत. (हा शब्द परवापासून मी फार समजून वापरते, त्याचं कारण लिहिते.)

तुमच्या भावाचं काम तुम्हाला ठाऊकच आहे. समुद्राच्या तळाशी सोडायची यंत्रं जाड नळीत बसवायची, झाकणाच्या खाचेत काळी रबरी रिंग घालायची, तिला जरासं ग्रीस चोळायचं (मी एकदा गोडं तेल सुचवलं, तर दोन दिवस अबोला) आणि झाकण आवळायचं. रिंगेवर एक केस राहिला तरी पाणी आत शिरतं. म्हणून ती पुसायला खास कागद येतो, आणि एकदा पुसलं की फेकायचा! आमच्या घरात दाढीचं पातंसुद्धा इतक्या लवकर मरत नाही. मला बघवेना. उशीच्या जुन्या निळ्या खोळीचे चौकोन कापले, धुऊन इस्त्री केले आणि ह्यांच्या डब्याच्या पिशवीत घालू लागले. ह्यांनी आधी नाक मुरडलं, मग वापरू लागले.

परवा हे चष्मा विसरले, तो द्यायला मी कार्यशाळेत गेले. टेबलावर नुकतीच पाण्यातून काढलेली नळी आडवी आवळून ठेवलेली, आत पाणी शिरलेलं. डबा कुठे गळतोय ते बघावं तशी मी झाकणाशी वाकले, तोच हे ओरडले, "अगं, बाजूला हो आधी! तोंड फोडून घेशील!" वन्सं, लग्नापासून ह्यांचा एवढा आवाज मी ऐकला नव्हता. मग समजावलं : तळाशी पाणी दाबाने घुसतं, नळी वर आली तरी तो दाब आतच कोंडलेला राहतो, घाईने उघडलं तर झाकण गोळीसारखं सुटतं. मला लगेच पटलं. (वाफ जिरायच्या आत कुकर उघडणाऱ्या बाईला स्वयंपाकघरात घेऊ नये, हे माझं मत आहेच.)

ह्यांनी नळीचं तोंड रिकाम्या भिंतीकडे वळवलं, स्वतः बाजूला उभे राहिले आणि एक बारका स्क्रू अगदी हळूहळू सैल केला. मी कपाटाआड देवाचं नाव घेत होते. फुस्स करून दाब गेला, मग झाकण निघालं. रिंगेला एक धागा चिकटलेला. निळा.

ह्यांनी चष्मा घातला, धागा चिमट्यात धरून उजेडात बघितला, मग माझ्याकडे बघितलं. तिथेच उभ्या असलेल्या ह्यांच्या साहेबांनी विचारलं, "हा कुठून आला?"

"घरून," हे म्हणाले.

यंत्र वाया गेलं, माणसं वाचली, देवाचे उपकार. तेव्हापासून हे घरात बोलत नाहीत. ह्यांच्या आतला दाब कुठल्या स्क्रूने उतरतो ते मला कोणी शिकवलेलं नाही.

भावजींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुमची,
भावजय

ता. क. : ते चौकोन हे माझ्याकडून घेईनात, म्हणून मी "वन्संनी तुमच्यासाठी मुद्दाम पाठवलेत" असं सांगितलं होतं. तुमचं नाव ऐकताच मुकाट्याने घेतले. रविवारी हे तुमच्याकडे येताहेत. विचारलं तर हो म्हणा. थोरल्या बहिणीवर ते आवाज चढवायचे नाहीत.

आणखी एक : खोटं बोलल्याचं पाप लागेल, ही काळजी नको. देवापुढे बसलेच होते, एकाच बैठकीत दोघींचीही क्षमा मागून ठेवली आहे.