माझ्या आवाजातले एक्केचाळीस संपर्क

बुधवार, ७ तारीख

पोचले एकदाची! सव्वा तासाचा रस्ता, त्यात टेकडीची वळणं, पोटातलं सगळं घशाशी आलं होतं. पण वर येऊन पाहिलं आणि खूशच झाले. बैठं घर, चार खोल्या आणि भोवती चार लोखंडी मनोरे. त्यांवर अँटेना अशा पसरल्यात की कपडे वाळत घालायचा मोह व्हावा. मी तसं बोलून दाखवलं तर कप्तान हसले नाहीत. कप्तान म्हणजे नात्याने माझे थोरले दीर, टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेले इंजिनिअर. घरी मी त्यांना भाऊजी म्हणते, इथे सगळे कप्तान म्हणतात, म्हणून मीही.

टीम चौघांची. कप्तान. दातांच्या डॉक्टरीणबाई, ज्या पेशंटचं तोंड उघडं ठेवून स्वतः अखंड बोलतात. मास्तर, जे पूर्वी गाणं शिकवायचे. आणि मी, नवखी. मी बसस्थानकावर अनाउन्सर आहे, अकरा वर्षं झाली. माझं तोंड कुणी ओळखत नाही, आवाज मात्र अख्खं गाव ओळखतं. भाजीवाली पाठमोरी असली तरी किलोमागे चार मिरच्या जास्त टाकते. हॅम रेडिओचं, म्हणजे हौसेखातर बिनतारी बोलण्याचं, लायसन्स गेल्या वर्षी काढलं तेही कप्तानांनी मागे लागून. इथल्या रेडिओ स्पर्धेत सहा वर्षांत आपण एकदाच जिंकलो, यंदा तुझा आवाज आहे, असं ते म्हणाले. चढले की मी हरभऱ्याच्या झाडावर!

मास्तरांचा आवाज पार गेलाय. घशाचं ऑपरेशन झालं, कप्तान सांगत होते. ते फक्त मोर्सची टकटक करतात आणि काही हवं असलं तर चिठ्ठीवर लिहितात. मी नमस्कार केला तर माझ्याकडे बघतच राहिले. मला वाटलं, दातात काही अडकलंय की काय.

गुरुवार, ८ तारीख

आज डॉक्टरीणबाईंनी स्पर्धा समजावली. शनिवारी सकाळी सहा ते सोमवारी सकाळी सहा, अठ्ठेचाळीस तास. तेवढ्या वेळात जगभरच्या जमतील तितक्या स्टेशनांशी बोलायचं. गप्पा नाहीत, 'जेवलात का' नाही. आपलं स्टेशन सांगायचं, त्यांचं ऐकायचं, आपला अनुक्रमांक द्यायचा, त्यांचा घ्यायचा, लॉगमध्ये नोंद करायची आणि पुढचं गिऱ्हाईक. म्हणजे माझीच नोकरी, फक्त बस येत नाही.

चांगली जागा सापडली की सोडायची नाही. बसमध्ये रुमाल टाकून सीट धरतात, तसं तिथे सारखी हाक मारत राहावं लागतं. गप्प बसलात की दुसरा येऊन बसलाच. घसा वाचावा म्हणून हाक आधीच रेकॉर्ड करून ठेवतात. बटण दाबलं की यंत्र दर सहा सेकंदांनी आपल्या आवाजात हाक मारतं, आणि कुणी उत्तर दिलं की मग आपण तोंड उघडायचं.

कप्तानांनी इथे एक नियम सांगितला. खुर्ची रिकामी तर यंत्र बंद. दोन मिनिटं उठायचं असलं तरी बंद. जागा गेली तर गेली. का, म्हणून मी विचारलं. नियम आहे म्हणून, असं म्हणाले. डॉक्टरीणबाईंनी घाईघाईने चहाचा विषय काढला. दरेक घरात असतो एखादा असा नियम, आमच्या सासऱ्यांचा चपला उंबऱ्याकडे पाठ करून ठेवायचा होता.

शुक्रवार, ९ तारीख

माझी हाक रेकॉर्ड झाली. तिसऱ्या खेपेला कप्तान म्हणाले, झकास. मास्तर उठून बाहेर निघून गेले.

घरी फोन केला. नवरा लांबच्या बसवर ड्रायव्हर, तो सोमवारीच उगवणार, म्हणून लेकीजवळ, खारूताईजवळ, माझी धाकटी बहीण राहिलीय. खारू सहा वर्षांची, पहिलीत. तिला वाचता येतं पण जोडाक्षर आलं की रुसते. निघताना मी माझा जुना रिसीव्हर स्वयंपाकघरात लावून ठेवला, आईला ऐकायचंय म्हणून तिने घर डोक्यावर घेतलं होतं. कप्तान म्हणाले, उगाच आशा लावलीस पोरीला. आपल्या लहरी वर जाऊन हजारो किलोमीटरवर उतरतात, इतक्या जवळच्या घराला त्यातलं काही ऐकू जात नाही. जाऊ दे. रोज चार वाजता फोन करीन असं कबूल केलंय.

शनिवार, १० तारीख, दुपारी दोन

नऊशे बारा संपर्क! मी एकटीने चारशे. लोक तुटून पडतायत. पाच मिनिटांची सुट्टी म्हणून हे लिहितेय. घसा थोडा खरखरतोय, पण मजा येतेय हो!

शनिवार, संध्याकाळी सात

सगळं नीट लिहून काढते. लिहिलं की डोकं ताळ्यावर येतं.

चारला फोन करायचा होता. डॉक्टरीणबाई जेवून नुकत्याच आडव्या झालेल्या, कप्तान जनरेटरपाशी, मास्तर पलीकडच्या खोलीत. जागा इतकी सुंदर मिळाली होती की सोडवेना. म्हटलं, दोन मिनिटांत काय आभाळ कोसळतंय? बटण दाबलं, यंत्र हाका मारू लागलं आणि मी अंगणात जाऊन फोन लावला. दोन मिनिटांची वीस झाली. शाळेतल्या भांडणाची कथा संपता संपेना.

परत आले तर लॉगमध्ये एक्केचाळीस नवे संपर्क. अनुक्रमांक बरोबर, वेळा बरोबर. मला वाटलं डॉक्टरीणबाई येऊन बसल्या असणार. मी त्यांचे आभार मानले तर त्या म्हणाल्या की त्या आत्ताच उठल्यात. कप्तानांनी आकडा पाहिला, मग एकेक नोंद बोट लावून तपासली. मी नियम मोडल्याचं कबूल केलं. ते रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं.

स्पर्धेत सगळं रेकॉर्ड होतं. ती वीस मिनिटं मी लावून ऐकली. माझा आवाज आहे. रेकॉर्ड केलेली हाक नव्हे, माझा जिता आवाज. हाक मारतोय, ऐकतोय, चुकलेला आकडा पुन्हा विचारतोय, मी करते तसा शेवटचा आकडा थोडा ओढतोय. चार वाजून अकरा मिनिटांनी थांबला. मग म्हणाला की खारूताई, ऐकतेयस ना?

तेव्हा मी अंगणात होते. फोनवर. खारूशीच बोलत होते. देवा, मला भीती वाटतेय.

रविवार, ११ तारीख, सकाळी सात

झोप नाही. आवाज बसलाय. कुजबुजल्यासारखा येतो, तोही तुटत. डॉक्टरीणबाईंनी टॉर्च लावून घसा पाहिला. सूज नाही, लाली नाही, काही नाही. असा निरोगी घसा त्यांनी पाहिला नाही म्हणे.

मी खुर्चीवर बसायला साफ नकार दिला. कप्तानांनी फार आग्रह केला नाही. माझ्या जागी कुणी बसलेलं नाही, यंत्र बंद आहे. वायर काढलेली मी डोळ्यांनी पाहिली.

लॉग चालूच आहे. आता चौदाशे साठ.

सकाळी आठ

मास्तरांनी मला अंगणात नेऊन वहीची चार पानं भरून दिली. त्यांचं अक्षर सुरेख आहे.

ऑपरेशन वगैरे काही झालं नव्हतं. तीन वर्षांपूर्वी हीच स्पर्धा, हीच खुर्ची. तेही यंत्र चालू ठेवून चहा प्यायला गेले होते. परत आले तर लॉग भरलेला. दुसऱ्या दिवशी आवाज गेला. घरी बायको रेडिओ लावून बसायची, त्यांचं ऐकायला. तिसऱ्या दिवशी नवऱ्याने गल्लीतून हाक मारली म्हणून ती भरदुपारी गाऊनवरच बाहेर पडली. शेजाऱ्यांनी पाहिलं. हाकही ऐकली. पुढे ती कुणालाच दिसली नाही. मास्तर त्या वेळी इथे टेकडीवर सामान आवरत होते.

त्या वर्षी आपली टीम जिंकली. करंडक बाहेरच्या खोलीत आहे, मी बुधवारी पुसला होता.

मी विचारलं, म्हणजे ओठांनी विचारलं, की मग तुम्ही इथे का येता? त्यांनी लिहिलं: ती कधी तरी हाकेला ओ देईल म्हणून.

कप्तानांना सगळं ठाऊक होतं. त्यांनी मला नियम सांगितला, कारण सांगितलं नाही. कारण सांगितलं असतं तर मी आलेच नसते. त्यांना माझ्या आवाजाचा एक करंडक हवा होता, आणि नियम पाळीन एवढ्या भरवशावर त्यांनी स्वतःच्या पुतणीच्या आईला त्या खुर्चीत बसवलं!

साडेआठ

आवाज गेला. पूर्ण. ओरडले तर नुसती हवा.

घरी फोन लावला. खारूने उचलला. मी श्वास घेत राहिले, टिचकी मारली, काही तरी कळावं म्हणून. ती म्हणाली, आई रेडिओवर बोलतेय, आईने सांगितलंय की असा बोलत नसलेला फोन येईल तर ठेवून द्यायचा. शहाण्या मुलीसारखा ठेवून दिला.

तिला ऐकू जातंय. इतक्या जवळ काही ऐकू जायलाच नको होतं.

आठ चाळीस

बहिणीला मेसेज केला: रेडिओ बंद कर, दार लाव, खारूला जवळ घे. तिचं उत्तर आलं. इतक्या लवकर कशी आलीस, मागच्या गल्लीतून हाका काय मारतेस आणि वर मेसेज काय पाठवतेस, थांब, येतेय बाहेर.

नको म्हणून अकरा मेसेज केले. एकही वाचलेला नाही.

व्हॅनमध्ये

कप्तान चालवतायत. रडतायत. मास्तर टेकडीवरच राहिले. मला त्यांचं रडणं नको, वेग हवा. अक्षर वेडंवाकडं येतंय. डॉक्टरीणबाई पोलिसांना फोन करतायत, पण सांगणार काय? त्यांनी बहिणीलाही लावला. वाजतोय. उचलत नाही.

व्हॅनमधला रेडिओ कप्तानांनी बंद केला. लगेच. पण मी ऐकलं. माझा आवाज गोष्ट सांगत होता. उंदराची. ती मी फक्त खारूला सांगते, झोपवताना —

पावणेदहा. दाराशी

खारू आत आहे. आहे! खिडकीतून दिसली. देवा, आहे. बहीण कुठेच दिसत नाही.

पुढचं दार आतून कडी लावलेलं. खिडकीला गज. काच मी कोपराने फोडली. ती घाबरून मागे सरकली, स्वयंपाकघराच्या दारापर्यंत. रेडिओ तिथेच आहे. मी तोंड उघडते, काही येत नाही. ती माझ्या तोंडाकडे बघतेय.

कप्तान मागच्या गल्लीत धावले. आमची घरं एका ओळीत, मागे जायचं तर सगळी ओळ वळसा घालून. डॉक्टरीणबाई शेजारी दार ठोठावतायत. कुणी उघडत नाही.

रेडिओ म्हणतोय, खिडकीतली बाई आई नाही. आई असती तर बोलली असती. तिला सांग, माझं नाव घे म्हणून.

खारूने सांगितलं. माझं नाव घे, म्हणाली. दोनदा. दुसऱ्यांदा रडत.

मी —

दहा वाजून पाच

कप्तान परत आले नाहीत. मी वळसा घालून जाऊ शकत नाही, मी हलले की ती दाराकडे बघते. मागच्या दाराकडे, त्यालाही आतून कडी आहे. मागून माझा आवाज येतोय आता. रेडिओतून नाही. दाराबाहेरून. किती गोड बोलतेय. मी इतकी गोड कधी बोलले होते तिच्याशी?

वही गजांतून दाखवते. मोठ्या अक्षरात. जोडाक्षर नको.

खारू मी आई

मला बोलता येत नाही

घसा बसलाय

मागचं दार उघडू नको

वाचतेय. बोट धरून वाचतेय. ओठ हलतायत. एक पाऊल इकडे आली. ये. ये गं माझी —

खारू ती आई नाही

इकडे ये

माझा हात धर

थांबली. मान वळवली. पुन्हा हाक आली, तिला जशी मी शाळेतून आणताना मारते तशीच. ती हसली. तिकडे बघून हसली.

खारू इकडे बघ

खारू कडी काढू नको

खारू मी इकडे आहे खारू इक