डाव्या पायाचा कागद

अंबरनाथ पश्चिम,
१८ नोव्हेंबर २०२४

ती. आवडीताईस,
धाकट्या सुषमाचा सा. न. वि. वि.

आई एकदा म्हणाली होती, आवडीचं काय बिघडलंय ते तिच्या तोंडाकडे बघून कळायचं नाही, ती अंगण कशी ओलांडते ते बघा. मी तेव्हा आठ-नऊ वर्षांची असेन. तू शेतावरून अंगात ताप घेऊन आली होतीस आणि काहीतरी सांगून सगळ्यांना हसवत होतीस. आज ते वाक्य सकाळपासून डोक्यात फिरतंय, कारण गणपतीनंतर मी तुला चालताना पाहिलेलंच नाही. दिवाळीलाही आली नाहीस. फोन केला तर घोड्यांच्या फार्मच्या फाटकापाशी येऊन तू 'बरंय' म्हणतेस, आणि तेवढ्यात रेंज जाते. खरोखर जाते की तू घालवतेस, देव जाणे. म्हणून म्हटलं, कागदच बरा. कागदावर नुसतं 'बरंय' लिहून माणूस थांबू शकत नाही.

गवताच्या टेम्पोवाल्या सदूने तुझी चिठ्ठी कारखान्यात आणून दिली. घोड्यांच्या कामाला रोज घालायचे बूट हवेत, पाणी आत शिरू नये, दोन-तीन वर्षं टिकावेत, आणि 'उबदार असावेत'. हे शेवटचं मी हशूशेठना वाचून दाखवलं. वीस वर्षं त्यांच्याकडे बुटांचे अपर, म्हणजे वरचे भाग, शिवतेय, पण त्यांना इतकं हसताना पाहिलं नव्हतं. सिंधीत ते मला अदी, म्हणजे ताई, म्हणतात; म्हणाले, अदी, तुझी बहीण बदलापूरला राहते की काश्मीरला? कारखाना आहे तो सगळा कॅम्प चार आता मला काश्मीरवाली म्हणतो.

थट्टा राहू दे. नीट कळव. रोज किती तास उभी असतेस, पायाखाली माती असते की लादी, सध्या पायात काय आहे आणि ते कुठे फाटतं. आणि दोन्ही पायांचं माप कागदावर काढून पाठव. संध्याकाळी काढ, तेव्हा पाय थोडे फुगलेले असतात. मोजे घालून, पूर्ण भार देऊन उभी राहा आणि पेन्सिल दुसऱ्या कुणाच्या तरी हातात दे. स्वतः वाकून काढलंस तर पाय सरकतो.

शिरगावला लेकाकडे, दिपेशकडे जाऊन आलीस का? त्याची मुलगी आता तुझं नाव घेते म्हणाला.

माया आहेच, तिच्यात दोन ओळी बातमीच्याही घाल.
तुझी सुषमा

*

बारवी रस्ता, बदलापूर,
२५ नोव्हेंबर

चि. सुषमा बाय हिला,
ताईचे अ. उ. आशीर्वाद.

तुझं पत्र सुपारीने अर्धं खाल्लं. सुपारी म्हणजे आमची तपकिरी घोडी, तिला कागदाचा वास आवडतो. उरलेल्या अर्ध्यातही तू मला तीन वेळा ओरडली आहेस, म्हणजे खाल्लेल्या भागात काय असेल ते समजून घेतलं.

तू विचारलंस ते सांगते. सकाळी पाचला उठते. सहा घोड्यांची लीद काढते, मग लादी धुते. लादी सिमेंटची, तिच्यावर पाय ठेवला की गारवा सरळ हाडात. मग घोड्यांना खालच्या कुरणात नेते. तिथे या दिवसांत गवतावर इतकं दव असतं की पोटऱ्या भिजतात. परत आलं की खूर साफ करायचे, हौद भरायचा, नऊ-दहाला पोरं घोड्यावर बसायला शिकायला येतात तेव्हा लगाम धरून गोल गोल चालायचं. दुपारी तासभर टेकते. मग संध्याकाळी तेच उलटं.

पायात सध्या बाप्यांचे गमबूट, सहा नंबर. बायकांच्या मापाचे मिळतच नाहीत, दुकानदार सांगतो की बाया गमबूट घालत नाहीत. मी त्याला म्हटलं, मग मी कोण? पुढच्या बाजूला जुने मोजे कोंबते. पाऊल वाकतं तिथे दोन्हींना चीर पडली आहे. आमचे शिकवणारे सर म्हणतात, पुढे लोखंडी पत्रा असलेले घ्या. मला ते नको. सुपारीचा पाय पडला तर पत्राच वाकून बोटांत रुतेल असं वाटतं. त्यापेक्षा जागा मोठी ठेव.

आणि उबदार खरंच हवेत. हसू नको. पाय गार पडतात. उन्हात बसले तरी गारच.

दोन्ही पायांचे कागद सोबत आहेत. खुराकाच्या गोणीचा कागद आहे, म्हणून वास येईल.

दिपेशकडे गेले नाय. त्याचं एकच म्हणणं, आई, आता चौथ्या मजल्यावर येऊन बस. बस, बस, बस. छप्पन्न वर्षांच्या बाईला बसायला सांगण्याशिवाय कुणाला काही सुचत नाय. तू त्याला काही कळवू नको.

आठवण काढत जा, पण ओरडा कमी कर.
तुझी ताई

*

अंबरनाथ पश्चिम,
३ डिसेंबर

ती. आवडीताईस,
सा. न. वि. वि.

हे पत्र मी तीनदा सुरू करून उठले. आधी बुटांचं लिहिते.

आठ दिवस मी कॅम्प चारमधली दुकानं पालथी घातली. सगळं चामड्याचं घेतलं तर ते उबदार असतं, पण घोड्याच्या मुतात शिवण कुजते, तुझ्याकडे वर्षभरही टिकणार नाही. सगळं रबराचं घेतलं तर पाणी शिरत नाही, पण आतल्या घामाने पाय गार पडतो आणि वाकतो तिथे चीर जाते. शेवटी हशूशेठनीच मार्ग काढला. खाली घोट्यापर्यंत जाड रबर, त्याला सगळ्यात खालच्या बाजूला एकही टाका नाही. वर पोटरीच्या अर्ध्यापर्यंत तेल पाजलेलं चामडं. दोघांची शिवण पाण्याच्या वर, आतून पट्टी चिकटवून. आत नमद्याचं, म्हणजे दाबून जाड केलेल्या लोकरीचं अस्तर, सुटं. त्याचे दोन जोड देते, एक पायात आणि एक वाळत. टाचेला बाहेरून कड ठेवते, म्हणजे दुसऱ्या पायाने दाबून बूट झटकन निघेल. तोंड मोकळं ठेवते. घोडा बुटावर उभाच राहिला तर तुला पाय काढून घेता आला पाहिजे.

एवढं ठरलं, आणि मी फर्मा निवडायला तुझे कागद काढले. फर्मा म्हणजे तो लाकडी पाय, ज्याच्यावर बूट चढवतात.

ताई, वीस वर्षांत मी कितीतरी पायांची मापं पाहिली. एकाच माणसाचे दोन पाय सख्खे असतात, पण जुळे नसतात. डावा थोडा लांब असतो, नाहीतर उजवा थोडा रुंद. तुझे दोन्ही कागद मी खिडकीच्या काचेवर एकावर एक धरले, डावा उलटा करून. रेघेवर रेघ बसली. केसाचाही फरक नाही. मला वाटलं माझी नजर चुकतेय, म्हणून चहा करून घेतला, तो प्यायलाच नाही, आणि परत पाहिलं.

मग करंगळी दिसली. तुझ्या उजव्या पायाची करंगळी बाहेर वाकलेली आहे, कारण पाच वर्षांची असताना मी तिच्यावर पाटा पाडला होता. तू आईला सांगितलंस की पाटा आपोआप घसरला. ती वाकडी करंगळी मी कुठेही ओळखेन. ती आता तुझ्या डाव्या पायालाही आहे.

उजवा पाय काढलास, तो कागद उलटा करून काचेला लावलास, त्यावर दुसरा कागद ठेवून तीच रेघ गिरवलीस आणि वर 'डावा' लिहिलंस. इतकी खटपट कशासाठी? पेन्सिल धरायला कुणी नव्हतं, असं लिहू नकोस. उजव्याला ज्याने कुणी धरली, त्याने डाव्यालाही धरली असती.

डावा पाय कुठे आहे, ताई?

दिपेशला काही बोललेले नाही. पण उत्तर आलं नाही तर मी बोलेन, हेही खरं.

तुझ्या मायेवर भरवसा ठेवून थांबते आहे.
सुषमा

*

बारवी रस्ता,
६ डिसेंबर

सुषमास आशीर्वाद.

तू बूट शिवणारी आहेस, पोलीस नायस. माप पाठवलं, त्यावर बूट कर. डावा एक नंबर मोठा ठेव, विषय संपला.

सदू घाईत आहे. इथे सगळं बरंय.

ताई

*

बारवी रस्ता,
८ डिसेंबर

चि. सुषमा बाय हिला,
अनेक आशीर्वाद.

परवाचं पत्र पाठवलं आणि दिवसभर कामात लक्ष लागलं नाय. सुपारीचा लगाम उलटा चढवला. ती नुसती बघत उभी राहिली, तिलाही माझी लाज वाटली असेल.

दसऱ्याच्या आधी नालबंद आला होता, घोड्यांना नवे नाल ठोकायला. त्याचा एक खिळा लादीवर पडला असणार. संध्याकाळी गमबूट काढला तर डावा मोजा लाल. आधी मला वाटलं घोड्याच्या औषधाचा रंग सांडला. मग पाहिलं तर खिळा तळव्यातून आत गेलेला, बुटाचा सोल फोडून. सकाळपासून मी त्याच्यावर चालत होते. कुरणात गेले, पोरांना गोल फिरवलं, हौद भरला.

दुखलंच नाय, सुषमा. याच गोष्टीची भीती वाटली. खिळ्याची नाय.

खिळा ओढून काढला तेव्हाही काही कळलं नाय. दुसऱ्याचा पाय हातात धरल्यासारखं. हळद भरली, फडकं बांधलं, दुसऱ्या दिवशी कामाला लागले. आता भोक रुपयाएवढं झालंय. भरत नाय, पण वाढतही नाय फारसं. साखरेच्या दुखण्याची गोळी आठवेल तशी घेते. डावा पाय कागदावर ठेवला असता तर तू फडक्याचा आकार बघून ओळखलं असतंस, म्हणून ती हुशारी केली. तुझं डोकं बुटांत इतकं चालतं हे विसरले.

आता हे वाचून लगेच उठू नको. ऐक. मालकांना कळलं तर ते वाईट वागणार नायत. चांगलं बोलतील, घरी जाऊन विश्रांती घ्या म्हणतील, आणि माझ्या जागी दुसरं माणूस ठेवतील. सहा घोडे आहेत, ते माझ्यासाठी थांबू शकत नायत. दिपेशला कळलं तर तो गाडी घेऊन येईल. पोरगा चांगला आहे. पण त्याच्या चौथ्या मजल्यावर मी खिडकीत बसेन, नातीला खेळवेन, आणि सगळे म्हणतील की आता आवडीबाई सुखात आहेत. हे गेल्यावर मी दोन वर्षं अशीच बसले होते, तुला माहीत आहे. तेव्हा मला रोज उठायचं कारण आठवायला लागायचं. इथे घोडेच आठवण देतात. दाराला लाथ मारतात.

म्हणून म्हणते, डावा बूट एक नंबर मोठा कर, फडक्यासकट मावेल असा. आतलं अस्तर जाड घाल. ऊब मिळाली की पाय आपोआप ताळ्यावर येईल. एवढं केलंस की मी काही मागणार नाय.

रागावलीस तरी ताईला टाकू नको.
आवडी

*

अंबरनाथ पश्चिम,
१२ डिसेंबर

ती. आवडीताईस,
सा. न. वि. वि.

उठू नको म्हणालीस, पण मी उठले. तुझं पत्र पर्समध्ये घालून स्टेशनजवळच्या दवाखान्यात गेले. डॉक्टर मला ओळखत नव्हते. मी म्हटलं, माझ्या बहिणीच्या पायाचं आहे, बहीण आलेली नाही, तिचं पत्र आलंय. ते हसतील असं वाटलं होतं. त्यांनी चष्मा लावून खिळ्याचा परिच्छेद दोनदा वाचला.

ते म्हणाले, तो गारवा बाहेरचा नाही. साखरेने नसा गेल्या आहेत, आणि रक्तही नीट पोचत नसेल तर तेही तपासावं लागेल. त्यावर लोकरीचं कितीही अस्तर घातलं तरी उपयोग नाही. भरत नसलेल्या जखमेवर बंद, दमट बूट चढवून दिवसभर उभं राहायचं, यासारखं वाईट काही नाही. आधी एक्स-रेचा फोटो काढून जखम हाडापर्यंत गेली आहे का ते बघायचं, रोज मलमपट्टी, गोळ्या वेळेवर, आणि सहा आठवडे डावा पाय जमिनीला टेकवायचा नाही. मी विचारलं, आणि टेकवला तर? त्यांनी एक हात पावलासारखा टेबलावर ठेवला आणि दुसऱ्या हाताची बोटं त्यावर सुरीसारखी आडवी धरली, आधी बोटांच्या मुळाशी, मग मनगटाशी. तिथून घरी मी चालतच आले. रिक्षात बसवेना.

उजवा बूट तयार आहे. चांगला झालाय. बादलीत पाणी भरून रात्रभर बुडवून ठेवला होता, आत एक थेंब नाही. डावा मी केलेला नाही, आणि करणार नाही. जखम भरल्यावर खऱ्या पायाचं माप मी स्वतः घेईन. तोवर मोठा नंबर नाही, जाड अस्तर नाही. यावर मला शिव्या दे, हक्क आहे तुझा.

आता तुझं दुसरं म्हणणं. त्याचा मी चार दिवस विचार केला. शिलाईवर बसले की त्याचाच विचार. एक अपर उलटं शिवलं, हशूशेठनी ते माझ्यासमोर धरलं आणि विचारलं, अदी, तब्येत ठीक? मी त्यांना खरं सांगितलं. तुला न विचारता एका माणसाला सांगितलं, त्याबद्दल माफ कर. त्यांनी ते अपर बाजूला ठेवलं. मग म्हणाले की लग्नांची गर्दी ओसरली आहे, संक्रांतीनंतरपर्यंत तुझ्याशिवाय चालवतो.

तू बसणार नाहीस. ठीक. दिपेशकडे जाणार नाहीस. तेही ठीक, मी त्याला कळवणार नाही, तू स्वतः कळवशील तेव्हा कळव. तुझी जागा दुसऱ्या माणसाला जाऊ नये, एवढंच तुला हवंय ना? मग ते दुसरं माणूस मी होते. सोमवारी येते. आधी दोघी मिळून फोटो काढून घेऊ. नंतर सहा आठवडे तू तबेल्याच्या दाराशी स्टुलावर, पाय वर, आणि मी आत. लीद मी काढेन, लादी मी धुवेन, हौद मी भरेन. मालकांना सांग की बहीण मदतीला आली आहे. खोटं नाही ते.

मी घोड्याला आजवर हात लावलेला नाही. लग्नाच्या वरातीतला घोडा आला तरी मी रस्ता ओलांडून पलीकडे जाते. सुपारी मला पहिल्याच दिवशी ओळखेल की ही घाबरते. तुला दिवसभर ओरडावं लागेल: तिच्या मागून जाऊ नको, बादली तिथे नको, पाय बाजूला घे. तुझ्या पद्धतीने काम होणार नाही, उशीर होईल, तुझे हात शिवशिवतील, तू दहादा उठायला जाशील. मला हे सगळं दिसतंय.

पण तुझा पाय जायच्या गोष्टी ऐकून मी इथे मशीनवर बसू शकत नाही. बसणं मलाही जमत नाही, ताई. आपण एकाच घरच्या आहोत.

तू म्हणशील, कामाचा खेळ करू नको. म्हणशील, तू आणि तबेला? म्हणशील, सदूबरोबर बूट पाठव आणि आपल्या घरी राहा. तू नाहीच म्हणणार, हे धरूनच लिहिते आहे. तरी मागते: सहा आठवडे तुझे घोडे माझ्या हाती दे.

लोभ आहे ते मला ठाऊक आहे. या वेळी तो राहू दे, फक्त परवानगी दे.

तुझी धाकटी,
सुषमा