नदीपलीकडची बिअर

प्रिय माख्टेल्ड,

फोनवर तू मला मधेच तोडतेस, मग मीही आवाज चढवते, म्हणून हे पत्र. गुरुवारपर्यंत तुझ्या हातात पडेल. जत्रा रविवारी आहे. म्हणजे तुला रागवायला वेळ आहे आणि राग उतरायलाही.

योरिसने मला सगळं सांगितलं. तुझ्या भावाच्या पोटात काही राहत नाही हे ठाऊक असताना तू त्याच्याजवळ बोललीस, तेव्हा ते माझ्यापर्यंत पोचावं अशीच तुझी इच्छा असणार. "आईला सांग, त्या माणसाबरोबर मी एका टेबलावर बसणार नाही. आणि बाबांच्या खुर्चीत तो बसलेला तर मुळीच बघणार नाही." तुझा आवाज काढून म्हणून दाखवलं त्याने. नक्कल बरी करतो. तर आधी खुर्चीचं सांगते. व्हालेर खिडकीकडच्या घडीच्या खुर्चीत बसेल, जिच्यात सूप संपायच्या आत माणसाची कंबर धरते. तुझ्या बाबांची खुर्ची आहे तिथेच आहे. रोज तिच्यात मांजर झोपतं आणि त्याबद्दल तुझी कधी तक्रार आलेली नाही.

आत्ता स्वयंपाकघरात बिडाच्या भांड्यात बिअरमधलं मांस, आपलं स्टोफव्लेस, शिजतंय. होय, मंगळवारी, आणि घरात खाणारी मी एकटी. दोन ओळी लिहिते की उठून झाकण काढते, ढवळते, परत येऊन बसते. एवढ्या वेळा झाकण काढलेलं माझ्या विद्यार्थिनीने प्रयोगशाळेत केलं असतं तर तिला बाहेर काढलं असतं. पण आज मला एका जागी बसवत नाही. सकाळपासून पडदे धुऊन झाले, जिना पुसून झाला, आणि तरी हात मोकळे.

सकाळी फिर्मिनच्या दुकानात बिअर आणायला गेले होते. तो गल्ल्यावर होता. मी क्रेट उचललं तसा धावत आला. म्हणाला, "बाई, चष्मा घरी राहिला का? हे नदीपलीकडचं आहे." मी म्हटलं, दिसतंय मला. "जत्रेच्या आठवड्यात? ओमेरसाहेबांच्या घरात?" आणि मागे उभ्या असलेल्या दोन बायकांकडे असं बघितलं की जणू मी क्रेट चोरून नेत होते. मी विचारलं, "फिर्मिन, रसायनशास्त्रात तू माझ्याकडे पास झाला होतास ना?" म्हणाला, "काठावर, बाई." म्हटलं, "पेपर अजून माझ्याकडे आहेत. पुन्हा तपासू का?" तेव्हा कुठे त्याने क्रेट गाडीत ठेवून दिलं. दुपारी पाव आणायला गेले तर पाववाली म्हणाली, "यंदा पाहुणे वेगळे आहेत वाटतं." म्हणजे गावाला कळलं. तुला इथून कुणाचा फोन आलाच असेल, नसेल तर उद्या येईल.

तुझ्या बाबांनी आपल्या गावच्या भट्टीत आयुष्यभर जी बिअर उकळली, तिच्याशिवाय दुसरी कुठली या भांड्यात आजवर पडली नव्हती. पलीकडच्या बिअरला ते काय म्हणायचे ते तुला पाठ आहे: "गुरांचे खूर धुवायला ठीक आहे, पण गुरं नको म्हणतात." जत्रेच्या आदल्या दिवशी स्वयंपाकघरात ते आणि तू, बाकी कुणाला प्रवेश नाही. मी एवढी शिकलेली, पण मला फक्त कांदे चिरायची परवानगी. तू स्टुलावर उभी राहून पावाला वाटलेली मोहरी लावायचीस, अगदी कडेपर्यंत. कड कोरडी राहिली की ते पाव परत करायचे. मग मोहरीची बाजू खाली करून तो पाव रश्शावर ठेवायचा आणि तो हळूहळू बुडताना तुम्ही दोघं वाकून बघायचात, दोघांची डोकी एकमेकांना लागलेली. मी दारातून बघायचे. आत यावंसं वाटायचं, पण तुमचं ते तसंच राहू द्यावं असंही वाटायचं.

आज एक मूर्खपणा झाला. मांस लोण्यात परतलं, कांदे लाल केले, तपकिरी साखर, तमालपत्र, थाइम, बिअर, सगळं नीट. आणि मग हात सवयीने बाटलीकडे गेला आणि नेहमीचे दोन चमचे व्हिनेगर आत. आपली बिअर गोडसर, तिला व्हिनेगर लागतं. पलीकडची ओकच्या पिंपांत वर्ष-दीड वर्ष मुरते, ती मुळातच आंबट. हे मी वर्गात शिकवलेलं आहे. आणि माझ्याच चुलीवर विसरले! चव घेतली तर दात आंबले.

व्हालेरला फोन केला. त्याने मला ते दोनदा सांगायला लावलं. मग म्हणाला, "व्हिनेगर घातलंत? आमच्या बिअरमध्ये?" असा आवाज की जणू मी कुणी गेल्याची बातमी सांगतेय. मग सावरून म्हणाला, "रडू नका, मसाल्याच्या केकचा जाड तुकडा घाला, साखर नको." मी म्हटलं, रडतंय कोण? म्हणाला, "मी." अजून मला अहो-जाहो करतो. मी कधी थांबवलं नाही. ऐकायला बरं वाटतं.

तुला वाटतं मी त्याला कुठल्या तरी म्हाताऱ्यांच्या मेळाव्यात गाठलं. तसं नाही. नदीकाठच्या वाटेवर माझी सायकल पंक्चर झाली होती. हा मागून आला, उतरला, एक शब्द न बोलता चाक काढून बसला. पंक्चर इतकं वाईट काढलं की पुलापर्यंत पोचायच्या आत हवा गेली, आणि मग मी रस्त्यात बसून ते पुन्हा काढलं. तो शेजारी उभा राहून म्हणाला, "मी आयुष्यभर पिंपं दुरुस्त केली, त्यांना हवा भरावी लागत नाही." मी हसले. किती दिवसांनी हसले ते तुला सांगायची गरज नाही, बाबा गेल्यानंतर तू दर रविवारी येत होतीस, तू बघितलं आहेस.

आणखी एक. तुला पटवायला सांगत नाही, कारण ते खरं की खोटं मलाही माहीत नाही. व्हालेर म्हणतो की तुझे बाबा शुक्रवारी काम संपल्यावर पूल ओलांडून त्यांच्या भट्टीत यायचे. मागच्या दाराने. पिंपांच्या खोलीत दोघं उभ्यानेच एकेक ग्लास प्यायचे, फारसं बोलायचे नाहीत. जाताना तुझे बाबा दरवेळी म्हणायचे, "अजून सुधारलेली नाही." शुक्रवारी ते उशिरा यायचे हे मात्र खरं. त्यांना किल्ल्या मोजून कुलपं लावायची असतात असं मी समजायचे. व्हालेरने हे मला खूश करायला रचलं असेल तर त्याने ते वाक्य बरोबर ओळखलं, कारण माझ्या सुपाबद्दलही तुझे बाबा तेच म्हणायचे.

मधे उठून आले. केकचा तुकडा विरघळलाय, रस्सा दाट झालाय, काळसर. मांस चमच्याने तुटतंय. उभ्यानेच खाल्लं, पावाबरोबर, भांड्यातूनच, जे तुम्हा दोघांना मी कधी करू दिलं नाही. आपल्यासारखं नाही लागत. आधी आंबट, मग हळूच मागून गोडी येते. चांगलं आहे, माख्टेल्ड. वाईट असतं तर सोपं झालं असतं.

काळजी करू नकोस, रविवारच्या भांड्यात आपलीच बिअर पडेल. हे व्हालेरनेच बजावलंय: "जत्रा तुमची, घर ओमेरचं. माझी बाटली काढलीत तर मी जेवणार नाही." बटाट्याच्या फोडी नेहमीसारख्या चरबीत दोनदा तळणार, कोशिंबीर योरिसची बायको आणणार. बाबांच्या नावाचा ग्लास मी नेहमीप्रमाणे भरून ठेवणार. त्यावरून व्हालेर काही म्हणेल असं तुला वाटत असेल तर तू त्याला अजून भेटलेली नाहीस.

मग मंगळवारी हे भांडं कशाला चढवलं, असं तू विचारशील. ईस्टरला व्हालेरने मला विचारलं, पलीकडे त्याच्या घरी राहायला येता का. मी म्हटलं, जत्रा होऊ दे, पाहुणे गेले की सांगते. त्यानंतर त्याने एकदाही विषय काढला नाही. जत्रेच्या दिवसाचं मला भय नाही, त्या दिवशी तुम्ही सगळे असता. मला बघायचं होतं की साध्या मंगळवारी, घरात कुणी नसताना, तिकडची चव माझ्या घशाखाली उतरते का. उतरली. मी हो म्हणणार आहे. हे घर आहे तसंच राहील, किल्ली तुझ्याकडे आहेच. परवानगी मागत नाही, माझं वय बघता ते हास्यास्पद होईल. पण रविवारी संध्याकाळी मी ते बोलेन तेव्हा तुझ्या बाबांवर माझ्याइतकीच माया केलेलं कुणीतरी त्या टेबलाशी बसलेलं असावं, आणि असं माणूस जगात एकच आहे. योरिसला यातलं काही माहीत नाही. व्हालेरलाही माझं उत्तर अजून माहीत नाही. सगळ्यात आधी तुला कळावं, म्हणून लिहिलं. ये.

या वयात पुन्हा उतावीळ झालेली, तरी तुझीच,
आई